मतपत्रिकेच्या खालच्या ओळी

सॅन फ्रान्सिस्को शहरात डोनाल्ड ट्रम्प यांना २०१६ साली शंभरातली नऊ मतं पडली, २०२० मध्ये जेमतेम तेरा आणि २०२४ मध्ये साडेपंधरा. तेवढ्या भांडवलावर ‘अमेरिकेतलं सर्वांत उदारमतवादी शहरसुद्धा उजवीकडे झुकलं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणाऱ्यांत काही खूश असतात, काही हळहळतात. पण वाचन दोघांचं एकच.

टक्के बाजूला ठेवून नुसती मतं मोजली तर मात्र वेगळंच दिसतं. २०२० मध्ये बायडेन यांना शहरात पावणेचार लाखांहून जास्त मतं होती. चार वर्षांनी कमला हॅरिस यांना, म्हणजे याच शहराच्या माजी डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीला (मुख्य सरकारी वकिलाला), सव्वातीन लाखांच्या आसपास. पन्नास हजारांवर मतं गळाली. ट्रम्प यांची मतं वाढली ती सहा हजारांच्या घरात, छप्पन हजारांवरून बासष्ट हजारांच्या पुढे. म्हणजे गळालेल्या मतांतली फार तर मूठभर पलीकडच्या पक्षात गेली असतील. बाकीचे मतदार घरी बसले, गाव सोडून गेले, किंवा त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. पक्षावर रुसणं वेगळं आणि पक्ष बदलणं वेगळं. आपल्याकडच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को धरून आसपासच्या नऊ काउंट्यांचा (जिल्ह्यांचा) प्रदेश, डावा राहिला की उजवा झाला, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या ओळीवर इथला मतदार आपण कोण नाही एवढंच सांगतो. त्याला खरोखर काय हवंय, कशाची धास्ती वाटते आणि कशासाठी तो शेजाऱ्याशी भांडायला उठेल, हे मतपत्रिकेच्या खालच्या ओळींत कळतं. त्या ओळींवर पक्षाचं नाव छापलेलंच नसतं.

ती मतपत्रिका एकदा हातात घेऊन पाहायला हवी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती टपालानं घरी येते. कॅलिफोर्नियात आता प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला ती पाठवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदाराला राष्ट्राध्यक्ष, सिनेटर आणि काँग्रेसचा सदस्य निवडायचा होताच. त्याखाली राज्याच्या दहा प्रपोझिशन्स, म्हणजे मतदारांनीच हो की नाही ठरवायचे प्रस्ताव. मग शहराच्या ए पासून ओ पर्यंत आणखी पंधरा. शिवाय महापौर, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, शाळा मंडळ, कम्युनिटी कॉलेजचं मंडळ. सोबत जाडजूड माहितीपुस्तिका, तिच्यात प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूची आणि विरोधातली निवेदनं. माणसं एखादा रविवार काढून जेवणाच्या टेबलावर हे सगळं पसरून बसतात आणि दोन तासांनी, दमून, विश्वासातल्या कुणीतरी पाठवलेली यादी समोर ठेवून उरलेले गोळे भरतात.

स्थानिक पदांच्या उमेदवारापुढे पक्ष लिहायचा नाही, असा कॅलिफोर्नियाचा नियमच आहे. राज्याच्या आणि काँग्रेसच्या जागांना पक्ष लिहितात, पण २०१२ पासून प्राथमिक फेरी सगळ्यांची एकत्र होते आणि पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरात लढतात. त्यामुळे अंतिम लढत डेमोक्रॅट विरुद्ध डेमोक्रॅट अशी होणं इथं नित्याचं आहे. रो खन्ना २०१६ मध्ये काँग्रेसमध्ये गेले ते माइक होंडा या आपल्याच पक्षाच्या खासदाराला हरवून.

हा प्रदेश जन्मजात निळा, म्हणजे डेमोक्रॅट, नाही, हेही इथं नव्यानं आलेल्याला ठाऊक नसतं. सॅन फ्रान्सिस्कोचा शेवटचा रिपब्लिकन महापौर, जॉर्ज क्रिस्टोफर, १९६४ च्या जानेवारीत पायउतार झाला. त्याच वर्षी शहराच्या वेशीवरच्या काऊ पॅलेसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं आणि बॅरी गोल्डवॉटरना उमेदवारी मिळाली. १९५६ मध्ये शहरानं आयझेनहॉवरना कौल दिला होता. आज पर्यावरणवाद्यांचं माहेर समजली जाणारी मरिन काउंटी १९८० मध्ये रेगनबरोबर होती. सिलिकॉन व्हॅलीची सांता क्लारा काउंटी तर १९८४ मध्येही. ह्युलेट-पॅकार्डचे डेव्हिड पॅकार्ड निक्सन यांच्या काळात संरक्षण खात्याचे उपमंत्री होते. नऊच्या नऊ काउंट्या राष्ट्राध्यक्षपदासाठी सलग डेमोक्रॅट ठरल्या त्या १९९२ पासून. या काळात माणसं बदलली, पण पक्ष त्याहून जास्त बदलला. गर्भपात, पर्यावरण आणि स्थलांतरित या तिन्ही बाबतींत रिपब्लिकन पक्ष जसजसा कडक झाला, तसतसा इथला मवाळ, हिशेबी, उद्योजक रिपब्लिकन बेघर झाला. १९९४ ची प्रपोझिशन १८७ हे त्यातलं मोठं वळण. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेतही घेऊ नये, असा तो प्रस्ताव राज्यात मंजूर झाला. कोर्टानं तो पुढे अडवला, पण आशियाई आणि लॅटिनो घरांत त्याचा अर्थ लागायचा तो लागून गेला. राज्याच्या विधिमंडळात बे एरियातून निवडून आलेल्या शेवटच्या रिपब्लिकन, कॅथरीन बेकर, २०१८ मध्ये हरल्या. आता वरच्या ओळीवर सामनाच उरलेला नाही.

तो उरलेला नाही म्हणून भांडणं मिटली असं मात्र नाही. २०२२ हे एक वर्ष घ्या.

फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मुदतीआधी घरी पाठवलं. रिकॉलच्या बाजूनं तिघांविरुद्धही दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली. एकीच्या बाबतीत तर शंभरातली शहात्तर. कारण काय? कोविडमध्ये शहराच्या सरकारी शाळा इतका काळ बंद राहिल्या की शहरानं आपल्याच शाळा मंडळाला कोर्टात खेचलं. शाळा उघडत नव्हत्या आणि मंडळ मात्र ४४ शाळांची नावं बदलण्यात गुंतलं होतं. वॉशिंग्टन आणि लिंकनसुद्धा त्या यादीत होते. त्यात लोवेल हायस्कूलचं प्रकरण झालं. लोवेल ही सरकारी शाळा, पण प्रवेश गुणांवर. पुण्यात अकरावीला फर्ग्युसन किंवा एसपी मिळावं म्हणून घराघरांत जे वातावरण असतं, तेच तिथं आठवीपासून असतं. लोवेलमध्ये काळी आणि लॅटिनो मुलं फार थोडी, आशियाई मुलं निम्म्याच्या आसपास. मंडळानं २०२१ च्या फेब्रुवारीत गुणांची अट कायमची काढून सोडत आणली.

सोडतीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता. सरकारी पैशावर चालणारी शाळा शहरातल्या काही समाजांना जवळपास बंदच असेल, तर कुणीतरी काहीतरी करायला हवंच. पण ज्या चिनी घरांनी, म्हणजे हॉटेलात भांडी घासणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आईबापांनी, हीच एक शिडी धरून मुलं वर चढवली होती, त्यांना कुणी विचारलं नाही. उलट त्यांना ‘विशेषाधिकारवाले’ ठरवण्यात आलं. मंडळाच्या एका सदस्येची आशियाई लोकांबद्दलची जुनी, अपमानकारक ट्वीट्स बाहेर आली आणि मग रिकॉलच्या अर्जावर सह्या घ्यायला टेबलं लागली. सह्या गोळा करणाऱ्यांत कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदाच राजकारणात उतरले होते. नव्या मंडळानं त्याच वर्षी लोवेलची जुनी पद्धत परत आणली.

जूनमध्ये डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी चेसा बुडीन यांची पाळी आली. तुरुंग कमी भरावेत या भूमिकेवर ते २०१९ मध्ये निवडून आले होते. ५५ टक्के मतांनी परत बोलावले गेले. आणि नोव्हेंबरात त्याच मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालणारी प्रपोझिशन १ उचलून धरली. राज्यभर तिला ६७ टक्के मतं होती, सॅन फ्रान्सिस्कोत त्याहून कितीतरी जास्त. आधीच्या वर्षी गव्हर्नर न्यूसम यांच्या रिकॉलला याच शहरानं ८५ टक्क्यांच्या वर नकार दिला होता. या चार मतदानांतून डावं-उजवं असं काही काढायला बसलात तर हाती काही लागणार नाही. ‘माझ्या मुलाची शाळा’, ‘माझ्या गाडीची फोडलेली काच’ आणि ‘माझ्या देहावरचा हक्क’ असे तीन प्रश्न समजून वाचलंत तर सगळं सरळ लागतं.

सुरक्षितता आणि शाळा यांवर लोक उघड बोलतात. ज्या प्रश्नावर उघड बोलत नाहीत, तो घरांचा. माझ्या मते बे एरियाचं खरं राजकारण तिथं आहे.

त्याचं मूळ १९७८ च्या प्रपोझिशन १३ मध्ये. घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या एक टक्का, आणि ती आधारभूत किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवायची. घर विकेपर्यंत हेच. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराचा मालक आणि गेल्या वर्षी शेजारचं तसंच घर घेतलेला मालक यांच्या करात कित्येक पटींचा फरक पडतो. वरवर ही करसवलत. आतून पाहिलं तर तिनं एक विशिष्ट मतदार घडवला: घराची किंमत वाढली तर त्याचा फायदाच फायदा, आणि त्या वाढीचा कर मात्र त्याला भरायचा नाही. नव्या इमारती अडवण्यात ज्याला पैचाही तोटा नाही, तो त्या अडवणार. त्यात वैचारिक काही नाही, साधा हिशेब आहे. २०२० मध्ये निदान व्यापारी मालमत्तांना तरी या सवलतीतून काढावं म्हणून प्रपोझिशन १५ आली. ज्या राज्यानं बायडेनना ६३ टक्के मतं दिली, त्यानं त्याच कागदावर तीही फेटाळली.

या हिशेबाची सगळ्यात गमतीदार आवृत्ती वुडसाइडची. सॅन माटेओ काउंटीतलं हे धनाढ्य गाव, रेडवुडच्या झाडीतलं. एका बंगल्याच्या जागेवर दोन घरं बांधायला मुभा देणारा राज्याचा कायदा २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. वुडसाइडनं महिन्याभरात जाहीर केलं की आमचं सगळं गावच पहाडी सिंहाचा (प्यूमाचा) अधिवास आहे, सबब इथं दुसरं घर बांधता येणार नाही. बंगला, टेनिस कोर्ट आणि पोहण्याचा तलाव यांनी सिंहाला त्रास होत नव्हता. दुसऱ्या कुटुंबानं होणार होता. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं डोळे वटारल्यावर गावानं काही दिवसांत माघार घेतली. देशभर हसं झालं ते झालंच. पण वुडसाइडला हसणारी बाकीची गावं काय करत होती? तेच, जरा सभ्य भाषेत.

क्युपर्टिनो आपल्या लोकांच्या जास्त परिचयाचं. अ‍ॅपलचं गाव, चिनी आणि भारतीय घरमालकांचं गाव, शाळांसाठी नावाजलेलं गाव. तिथला व्हॅल्को मॉल ओस पडला. त्या जागी घरं, दुकानं, ऑफिसं बांधायची की नाही यावर २०१६ मध्ये दोन परस्परविरोधी प्रस्ताव मतदारांपुढे आले आणि मतदारांनी दोन्ही पाडले. पुढे राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन बिल्डरनं परवानगी मिळवली, त्यावर कोर्टबाजी झाली. मॉल पाडला गेला आणि जागा वर्षानुवर्षं तशीच. विरोधातला नेहमीचा मुद्दा होता शाळांत गर्दी होईल हा. आणि घडलं काय? २०२१ मध्ये तिथल्या शाळा मंडळानं पटसंख्या घटली म्हणून दोन प्राथमिक शाळा बंद करायचं ठरवलं. लहान मुलं असलेल्या जोडप्याला तिथं घर घेणं परवडेना, मग वर्गात बसायला मुलं येणार कुठून?

अशा सुनावण्यांना विरोधात बोलायला उभं राहणाऱ्यांत आपली माणसं असतात, आणि ती वाईट नसतात. वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून सगळी पुंजी एका घरात घातलेली असते. ‘आम्ही कष्टानं इथं आलो, तसे बाकीच्यांनीही यावं’ हे वाक्य मी मराठीतून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, की तुम्ही आलात तेव्हा इथं भाड्याचे फ्लॅट कुणी बांधून ठेवले होते? सनीव्हेल आणि फ्रीमाँटमधल्या ज्या दुमजली भाड्याच्या इमारतींत एच-वनवर आलेल्या हजारो मराठी संसारांची पहिली वर्षं गेली, तसल्याच इमारतींना आज तीच माणसं विरोध करतात. नोव्हेंबरात मात्र वरच्या ओळीवर त्यांचा गोळा निळाच असतो.

आपल्या माणसांवर एक आरोप नेहमी होतो: अमेरिकेत डेमोक्रॅट आणि भारतात भाजप, हा दुटप्पीपणा. मला तो आरोप आळशी वाटतो. माणूस जिथं अल्पसंख्य असतो तिथं अल्पसंख्याकांना सांभाळणारा पक्ष धरतो, आणि जिथं बहुसंख्य असतो तिथं ती गरज त्याला भासत नाही. यात थोर काही नाही, पण कोडंही नाही. खरी परीक्षा होते ती जेव्हा बहुसंख्यपणाचा प्रश्न सामानातून अमेरिकेत येतो तेव्हा. २०२३ मध्ये तशी वेळ आली. फ्रीमाँट-हेवर्ड भागाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी जातिभेदाला स्पष्ट नावानं मनाई करणारं विधेयक, एसबी ४०३, मांडलं. त्याआधी २०२० मध्ये सिस्कोमधल्या एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून राज्यानंच कंपनीवर दावा लावला होता; त्यातल्या दोन अधिकाऱ्यांवरचे आरोप राज्यानं नंतर मागे घेतले. विधेयकाच्या बाजूनं आंबेडकरी संघटना उभ्या राहिल्या, विरोधात अनेक हिंदू संघटना आणि देवळांशी जोडलेली मंडळी. विरोधकांचं म्हणणं होतं की कायद्यात ‘जात’ हा शब्द आला की प्रत्येक भारतीयाकडे संशयानं पाहिलं जाईल. समर्थक म्हणत होते की ज्याला त्रास झालाय त्याला शब्दाचा आधार हवा. दोन्हीकडच्या रांगांत डेमोक्रॅट मतदारांची कमतरता नव्हती. विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमतानं मंजूर झालं, आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी ते आधीच्या कायद्यांत हे संरक्षण आहेच असं सांगून परत पाठवलं.

मी स्वतः विधेयकाच्या बाजूचा होतो. वंश, वर्ण, लिंग, वय या शब्दांचा कायद्यातला उल्लेख ज्यांना कधी खटकला नाही, त्यांना या एकाच शब्दानं आपला अपमान झाल्यासारखं वाटावं, हे मला पटलं नाही. पण इथं मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मराठी समाजातलं इतकं खोल भांडण एकाच पक्षाच्या आत लढलं गेलं, आणि निवडणुकीच्या आकडेवारीत त्याचा मागमूसही सापडणार नाही. कार्नेगी या अभ्याससंस्थेच्या पाहणीत भारतीय-अमेरिकनांमधलं स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांचं प्रमाण २०२० मधल्या ५६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ४७ वर आलं, याची चर्चा खूप झाली. ती गळती का झाली याची उत्तरं लोक गाझा, महागाई, वंशाधारित प्रवेश अशा मोठ्या शब्दांत शोधतात. काही उत्तरं मला या स्थानिक प्रकरणांत पडलेली दिसतात.

एकपक्षीय प्रदेश म्हणजे काय हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको. काँग्रेसच्या काळातला महाराष्ट्र तसाच होता. विरोधी पक्ष बाहेर नव्हताच, तो काँग्रेसच्या आत होता. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडलं ते त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या शरद पवारांनी. फरक एवढाच की तिथं गट कोणाचा, कोण कोणाच्या बरोबर, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही पाठ असायचं. सॅन फ्रान्सिस्कोत दोन पक्ष आहेतच, मॉडरेट (मध्यममार्गी) आणि प्रोग्रेसिव्ह (जास्त डावे), पण ते मतपत्रिकेवर दिसत नाहीत. २०२४ च्या महापौरपदाच्या लढतीतले पाचही प्रमुख उमेदवार डेमोक्रॅट होते. डॅनियल लुरी, लीव्हाय स्ट्रॉस घराण्याचे वारस, निवडून आले. त्यांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले होते. शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची एक काउंटी कमिटी असते. तिच्या जागांसाठीही मतदान होतं आणि शंभरातल्या नव्वदांना ती काय करते हे सांगता येणार नाही. ती एकच महत्त्वाची गोष्ट करते, शिफारशी. ‘अधिकृत डेमोक्रॅटिक उमेदवार’ असं छापलेलं कार्ड घरात पडतं आणि दमलेला मतदार ते समोर ठेवून गोळे भरतो. म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये त्या कमिटीसाठी जोरदार लढत झाली, टेक उद्योगातला पैसा उतरला आणि मॉडरेट गटानं ती काबीज केली.

लेबल सगळ्यांचं एकच असलं की लेबलाला किंमत राहत नाही. त्याची जागा घेतात ती नाव, पैसा आणि टपालानं येणारी चकचकीत पत्रकं. २०२० च्या प्रपोझिशन २२ वर उबर-लिफ्टसारख्या कंपन्यांनी वीस कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, चालकांना कर्मचारी मानावं लागू नये म्हणून. आणि उदारमतवादी म्हणवणाऱ्या राज्यात त्या जिंकल्या. लेबलाविना मतदार कसा चाचपडतो याचा एक नमुना २०२४ च्या प्राथमिक फेरीत दिसला. अ‍ॅना एशू निवृत्त झाल्या, सिलिकॉन व्हॅलीतली त्यांची काँग्रेसची जागा तीस वर्षांनी मोकळी झाली. सॅन होजेचे माजी महापौर सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेवर इव्हन लो आणि जो सिमिटियन, दोघेही डेमोक्रॅट, प्रत्येकी ३०,२४९ मतं. बरोबरी! फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे गेले. दोघांच्या भूमिकांतला फरक पाच वाक्यांत सांगू शकेल असा मतदार मला भेटलेला नाही.

‘मग रिपब्लिकन पक्षाला उभारी द्या’ असं सांगणारे असतात. तत्त्व म्हणून ते ठीक. पण स्थानिक रिपब्लिकन उमेदवार कितीही समंजस असला तरी त्याच्या नावामागे वॉशिंग्टन उभं असतं, आणि इथला मतदार ते विसरणार नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा दिसलं. काँग्रेसच्या मतदारसंघांचे नकाशे आखायचं काम राज्याच्या मतदारांनीच २०१० मध्ये राजकारण्यांकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं. टेक्ससनं रिपब्लिकनांच्या सोयीचे नकाशे केले म्हणताच प्रपोझिशन ५० आली आणि कॅलिफोर्नियानं सुमारे ६४ टक्के मतांनी आयोगाचे नकाशे दशकाच्या अखेरीपर्यंत बाजूला ठेवले. समोरचा फाशांत गडबड करत असेल तर आपण किती काळ सचोटीनं खेळायचं, हा प्रश्न खराच आहे. तरी तो निकाल लागला तेव्हा मला आनंद झाला नाही. चांगली रीत मोडायला एक निवडणूक पुरते. बसवायला दोन दशकं लागलेली असतात.

त्यापेक्षा कॅनडातल्या व्हँकूव्हरसारखं करावं. तेही महागड्या घरांचं उदारमतवादी शहर, पण तिथं शहरापुरते पक्ष आहेत; त्यांची नावं मतपत्रिकेवर असतात आणि ओटावातल्या पक्षांशी त्यांचा थेट संबंध नसतो. २०२२ मध्ये केन सिम यांच्या एबीसी व्हँकूव्हर या शहरी पक्षानं आधीच्यांना हटवलं, तेव्हा लोकांना आपण कोणाला आणि कशासाठी काढतोय हे माहीत होतं. सॅन फ्रान्सिस्कोत किंवा सॅन होजेत ‘घरं बांधा’ पक्ष, ‘भाडेकरू’ पक्ष आणि, होय, ‘आहे ते बरं आहे’ पक्षही उघड नावानं उभे राहिले तर वुडसाइडला सिंहाच्या आड लपावं लागणार नाही. लोक काय म्हणतील याची धास्ती असेल तर तीही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, निवडणुका सम वर्षांत. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२२ च्या प्रपोझिशन एच नं महापौराची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षाला जोडली, हे फार बरं केलं. विषम वर्षात किंवा भर उन्हाळ्यात होणाऱ्या मतदानाला ठरावीक लोक येतात: वयस्क, घरमालक, तक्रार असलेले. २०२५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागानं आपला सुपरवायझर (नगरसेवक) जोएल एंगार्डिओला रिकॉल केलं, ते समुद्रकाठचा रस्ता बंद करून बाग करण्याच्या प्रस्तावामागे तो होता म्हणून. तो प्रस्ताव शहरभरच्या मतदानात रीतसर मंजूर झाला होता. सनसेटवाल्यांना गाडी वळवून न्यावी लागली, एवढं पुरलं.

आणि मत कोणाला आहे हेही पाहावं लागेल. ज्या खालच्या ओळींचा रोजच्या जगण्याशी सगळ्यात जास्त संबंध, त्यांच्यावर मत देण्याचा हक्क भाडेकरू, व्हिसावाले आणि ग्रीन कार्डच्या रांगेतले लोक यांच्यातल्या पुष्कळांना नाही. एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्डं नाहीत या मर्यादेमुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की इथं जन्मलेलं मूल पहिलं मत देतं तेव्हा आईबाप अजून व्हिसावर असतात. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांना निदान शाळा मंडळासाठी मत दिलं. पण त्या नोंदणीच्या माहितीतच शहराला इशारा द्यावा लागतो की तुमचा तपशील इमिग्रेशन खात्याच्या हाती जाऊ शकतो. मग नाव कोण घालणार? आणि सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँटमध्ये तर तेवढंही नाही.

तिथं एक दार मात्र उघडं आहे, आणि आपल्या मंडळींना ते फारसं माहीत नाही. शहराच्या कौन्सिलमध्ये किंवा प्लॅनिंग कमिशनपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. राज्याच्या कायद्यानं नावपत्ता सांगायचीही सक्ती करता येत नाही. दोन-तीन मिनिटं मिळतात. भाडं परवडत नाही म्हणून ट्रेसी किंवा माउंटन हाउसहून रोज दीड तास गाडी हाकत येणारा मराठी अभियंता तिथं उभा राहून म्हणू शकतो की ही इमारत होऊ द्या. सध्या त्या रांगेत बहुतेक निवृत्त घरमालक असतात, कारण मंगळवारी संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसायला वेळ त्यांच्याकडेच असतो.